नव्या पणजी महापालिकेने आधी गटारात उतरावे

पणजी महापालिकेच्या २०१६ आणि २०२१ च्या निवडणुका मार्चमध्ये झाल्या. मंडळाची मुदत पाच वर्षांची, त्यामुळे नवे नगरसेवक कामाला लागतात ते ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर. शपथविधी, महापौर-उपमहापौरांची निवड, सत्कार, पहिली बैठक यांत एप्रिल उजाडतो आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस येऊन ठेपतो. मध्ये मिळतात जेमतेम आठ-दहा आठवडे. त्यात निवडणूक जाहीर झाल्यापासून निकाल लागेपर्यंत आचारसंहिता असते, नव्या निविदा अडकतात, आणि फेब्रुवारीत सुरू व्हायला हवीत ती कामे एप्रिलअखेरही कागदावरच राहतात.

नव्या मंडळाकडे लोकांच्या मागण्या भरपूर आहेत: पार्किंग, बाजार, भटकी कुत्री, पदपथ, कचरा. सगळ्या रास्त आहेत. पण या आठ-दहा आठवड्यांत एकच काम नेटाने करायचे असेल तर ते पावसाच्या पाण्याला वाट करून देण्याचे. पदपथ, कचरा आणि रस्त्यांची खोदाई हे प्रश्नही शेवटी त्याच गटारापाशी येऊन मिळतात.

आधी पाणी का तुंबते ते नीट समजून घेऊ. पणजीच्या मधोमध आल्तिनोची जांभ्याची टेकडी आहे आणि तिच्या भोवतीचा बराचसा सखल भाग पूर्वी खाजन (म्हणजे भरतीच्या टप्प्यातली खारी शेतजमीन), दलदल आणि भाट (म्हणजे माडांची बाग) होता. टेकडीवरचे पाणी वेगाने खाली येते आणि सपाटीवर आले की मंदावते. तिथून त्याला मांडवीत जायचे तर दोन मुख्य वाटा: पश्चिमेला सांतिनेजचा नाला आणि पूर्वेला मळा व पाटो यांच्यामधली खाडी. बाकी नदीकाठाला उघडणारी छोटी मुखे. या सगळ्या वाटा भरतीच्या टप्प्यात येतात. दिवसातून दोनदा भरती येते, रोज सुमारे पाऊण तास उशिरा, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी दोन मीटरच्या वर चढते. जोराचा पाऊस आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली की पाण्याला जायला जागाच उरत नाही. म्हणूनच तेवढाच पाऊस एखाद्या दिवशी निमूटपणे निघून जातो आणि दुसऱ्या दिवशी १८ जून मार्गावरच्या दुकानांत शिरतो.

आता आकड्यांत पाहू. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर एका हेक्टरवर ५०० घनमीटर पाणी पडते, म्हणजे १० हजार लिटरचे ५० टँकर. डांबर, काँक्रीट आणि छपरांच्या भागात त्यातले जेमतेम पाचवा भाग मुरते. बाकी ४०० घनमीटर गटारात येते. सहा इंची पंप ताशी साधारण २०० घनमीटर पाणी उपसतो. म्हणजे फक्त एका हेक्टरसाठी दोन पंप तासभर न थांबता चालायला हवेत. पंप ठेवावेतच, पण पंपांच्या भरवशावर शहर कोरडे राहील असे कोणी सांगितले तर त्याला हा हिशेब दाखवावा. भरती चढलेली असताना साचलेले थोडे पाणी हलवणे एवढेच पंपाचे काम. खरे काम गटाराचे आणि त्याच्या मुखाचे.

त्यामुळे सफाईची सुरुवात मुखापासून व्हावी. बहुतेक वेळा उलटे होते: जिथे लोक तक्रार करतात तिथे, म्हणजे वरच्या गल्लीत, आधी गाळ काढला जातो. पहिल्या पावसात उरलासुरला गाळ वाहत खाली येतो आणि बंद मुखाशी बसतो. योग्य क्रम असा: नाल्याचे मुख, मग मुख्य नाला, मग त्याला मिळणारी गटारे, शेवटी गल्लीतल्या जाळ्या. मुखाचे काम ओहोटीच्या वेळीच होते. भरती आणि ओहोटी यांत सहा तासांच्या आसपास अंतर असते, त्यामुळे पाणी सगळ्यांत खाली असतानाचे तीन-चार तासच कामाचे. कंत्राटदाराच्या वेळापत्रकाला भरती-ओहोटीचे कोष्टक जोडलेले नसेल तर मजूर सकाळी आठला येऊन पाणी ओसरण्याची वाट बघत बसतात आणि दिवसाची हजेरी मात्र पूर्ण लागते.

मुखांवर जिथे मानशी, म्हणजे भरतीचे पाणी अडवणारी दारे आहेत, किंवा आधुनिक झडपा बसवल्या आहेत, तिथे एकेक मानस स्वतंत्रपणे तपासायला हवी. खाजनाची ही जुनी व्यवस्था साधी आहे: आतले पाणी बाहेरच्यापेक्षा वर असले की दार उघडते, भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने बंद होते. बिघडते ते नेहमीच्याच चार कारणांनी. दार आणि उंबरठा यांच्यामध्ये नारळाचे सोडण किंवा फांदी अडकते आणि दार दोन बोटे उघडे राहते. उंबरठ्यावर शिंपल्यांचा थर चढतो. मचूळ पाण्यात बिजागऱ्या गंजतात. रबरी पट्टी असेल तर ती फाटते. दोन बोटांची ती फट क्षुल्लक वाटते, पण पाच-सहा तासांच्या भरतीत तेवढ्यातून नदी आत येते आणि पाऊस पडण्याआधीच नाला निम्मा भरलेला असतो. तपासणी सोपी आहे. पाऊस नसलेल्या दिवशी, उधाणाच्या भरतीला, मानशीच्या आतल्या बाजूला उभे राहून पाहावे. आतले पाणी चढत असेल आणि पाला शहराच्या दिशेने वाहत असेल तर मानस गळते आहे. मे महिन्यातल्या अमावास्येला आणि पौर्णिमेला हे सगळीकडे एकदा करावे. बिजागऱ्या स्टेनलेस स्टीलच्या असाव्यात, आणि आतल्या बाजूला कचरा अडवणारी तिरपी जाळी असावी. पावसाळ्यात ती जाळी रोज साफ होईल यासाठी माणूस नेमावा. जाळी बसवून माणूस न नेमणे जास्त वाईट, कारण तुंबलेली जाळी स्वतःच बांध होते.

पंपांविषयी थोडक्यात. १५ मेच्या आत प्रत्येक पंप जागेवर नेऊन, पाण्यात टाकून, अर्धा तास चालवून बघावा. नुसते इंजिन सुरू करून बंद करणे ही चाचणी नव्हे. जुने डिझेल, चिरलेला सक्शन पाइप आणि प्लॅस्टिकने बंद झालेला फूट व्हॉल्व्ह (पाइपाच्या पाण्यातल्या टोकाची झडप) हे तिन्ही दोष पाणी ओढायला लावल्यावरच उघडे पडतात. आणि पंपाचे पाणी सोडायचे ते नदीत, मानशीच्या बाहेर. शेजारच्याच गटारात सोडले तर तेच पाणी फिरून पंपाकडे येते.

गाळ कुठून येतो हेही बघायला हवे. पणजीच्या गटारांतला गाळ बराचसा तांबडा असतो, म्हणजे आल्तिनोच्या उतारावरची जांभ्याची माती. उतारावर बांधकामासाठी कापणी झाली, माती उघडी पडली, की पहिल्या दोन सरींत ती पायथ्याशी पोचते. यावर दोन उपाय आहेत. बांधकाम परवान्यात अशी अट घालावी की १५ मेनंतर उतारावरची माती उघडी राहणार नाही, ती झाकलेली असेल आणि खालच्या कडेला माती अडवणारा आडोसा असेल. आणि टेकडीवरून येणारी गटारे सपाटीला मिळतात तिथे गाळाचे चेंबर बांधावेत, साधारण दीड मीटर लांब-रुंद आणि गटाराच्या तळापेक्षा एक मीटर खोल. पाणी तिथे मंदावते, माती तळाला बसते, स्वच्छ पाणी पुढे जाते. प्रत्येक मोठ्या पावसानंतर त्या चेंबरातला गाळ काढणे सोपे असते. तोच गाळ पुढे अर्धा किलोमीटर झाकलेल्या गटारात पसरला की काढणे जवळजवळ अशक्य.

गाळ काढण्याच्या कंत्राटात पैसे कशाचे द्यायचे हा प्रश्न नव्या नगरसेवकांनी स्वतः समजून घ्यावा, कारण अर्धी गडबड इथेच आहे. दर मीटर लांबीने पैसे दिले तर वरचा थर ओरबाडून काम पुढे सरकते. वजनाने दिले तर ओला गाळ, म्हणजे पाणीच, तोलले जाते. त्यापेक्षा आकारमान मोजावे. कामाआधी दर २० मीटरला लोखंडी सळई खाली घालून गाळाची जाडी मोजायची, गटाराच्या भिंतीवर रंगाने खूण करायची, काम झाल्यावर त्याच जागी पुन्हा मोजायचे. दोन्ही वेळचा फोटो त्या खुणेसकट. काढलेला गाळ काठावर एक दिवस निथळू द्यावा आणि दुसऱ्या दिवशी उचलावा. तिसऱ्या दिवशी तो तिथेच असेल तर त्या पट्ट्याचे बिल थांबावे, कारण पावसाची एक सर आली की तो ढीग जिथून निघाला तिथेच परत जातो.

काही गटारांत पावसाचे पाणी नसते तेव्हाही काळे पाणी वाहत असते. एप्रिलच्या कडक उन्हात गटार वाहते आहे म्हणजे कुठले तरी सांडपाणी त्यात सोडलेले आहे. टोंक येथे सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प आहे आणि शहराच्या मोठ्या भागात मलनिस्सारण वाहिनी पोचलेली आहे, तरी जुन्या इमारतींच्या, उपाहारगृहांच्या जोडण्या पावसाळी गटारात राहून जातात. शोधण्याची पद्धत स्वस्त आहे: संशयित इमारतीच्या शौचालयात आणि स्वयंपाकघराच्या मोरीत निरुपद्रवी हिरवा रंग ओतायचा आणि पुढच्या चेंबरात अर्धा तास लक्ष ठेवायचे. उपाहारगृहांना तेल अडवणारा चेंबर सक्तीचा करावा. त्यातले साय धरलेले तेल आठवड्याला काढले नाही तर ते पुढे गटारात थिजते आणि त्याला माती चिकटून दगडासारखा थर होतो. अशा गटारांत माणूस उतरवण्याचा प्रश्न तर फारच गंभीर आहे. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय मलवाहिनीत आणि सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवायला बंदी आहे. ज्या पावसाळी गटारात सांडपाणी शिरले आहे, तिथेही तोच विषारी वायू साचतो. आधी झाकणे उघडून हवा खेळू द्यायची, वायूमापक यंत्र खाली सोडायचे, आणि शक्य तिथे यंत्रानेच उपसायचे. कामगाराच्या जिवाची ही काळजी नगरसेवकाने जागेवर उभे राहून घ्यावी.

आता पदपथ. पणजीतले बरेच पदपथ म्हणजे गटारावरची झाकणेच आहेत, आणि सुशोभीकरणात हे विसरले जाते. ६० बाय ४५ सेंटिमीटरची, १० सेंटिमीटर जाडीची काँक्रीटची लादी साधारण ६५ किलोची होते; दोन माणसे आकड्यांनी ती उचलू शकतात. तिच्यावर सिमेंटमध्ये टाइल्स बसवल्या की ती कायमची बंद होते. मग गाळ काढायला टाइल्स फोडाव्या लागतात, फोडलेल्या जागी त्याच टाइल्स परत मिळत नाहीत, तिथे खड्डा राहतो आणि वृद्ध माणूस रस्त्यावरून चालू लागतो. म्हणून नियमच करावा: दर १० मीटरला उचलता येणारे झाकण, दोन्ही बाजूंना गंज न लागणारे हूक, झाकणाची पातळी पदपथाशी समान. पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी, हे इंडियन रोड्स काँग्रेसचे प्रमाण आहे. विजेचा खांब, जाहिरातीचा फलक, दुचाकी हे सगळे या १.८ मीटरच्या बाहेर.

पदपथाची उंची कमी होत जाते तेही डांबरामुळे. डांबराचा प्रत्येक नवा थर तीन ते पाच सेंटिमीटरचा. तीन ते पाच थर झाले की १५ सेंटिमीटरचा पदपथ रस्त्याच्या बरोबरीला येतो, गटाराच्या जाळ्या खड्ड्यात जातात किंवा डांबराखाली गडप होतात, आणि पाणी जाळीत न जाता दुकानाच्या उंबऱ्याकडे वळते. नवा थर टाकण्याआधी जुना खरवडून काढणे, म्हणजे मिलिंग, प्रत्येक निविदेत असलेच पाहिजे. रस्त्याचा आडवा उतार मीटरमागे २० ते २५ मिलिमीटर. पाऊस सुरू असताना छत्री घेऊन चालले तरी हे तपासता येते: पाणी मधोमध साचत असेल तर उतार चुकला. जाळ्या पदपथाच्या उभ्या बाजूला असाव्यात. सपाट जाळ्यांवर पाला आणि प्लॅस्टिक पसरून दहा मिनिटांत त्या बंद होतात.

खोदलेले रस्ते खचतात याचे कारण बहुतेक वेळा एकच असते: चर एका दमात भरलेली असते. नियमाप्रमाणे २०-२० सेंटिमीटरचे थर टाकून, पाणी मारून, प्रत्येक थर यंत्राने ठोकायचा असतो. मीटरभर खोल चरीला असे पाच थर होतात. संध्याकाळी रस्ता खुला करायची घाई असली की सगळी माती एकदम ढकलली जाते आणि वर डांबर येते. पावसाचे पाणी मुरले की माती बसते आणि रस्ता खाली जातो. महापालिका, सार्वजनिक बांधकाम खाते, जलस्रोत खाते, वीज खाते, केबलवाले, स्मार्ट सिटीची कामे असे सगळेच खोदतात. त्यामुळे परवानगी एकाच टेबलावरून मिळावी, अनामत रक्कम एक पावसाळा उलटेपर्यंत परत मिळू नये, आणि १५ मे ते ३० सप्टेंबर फुटलेली वाहिनी वगळता खोदाई पूर्ण बंद असावी. गटारातून आडव्या गेलेल्या केबली ही वेगळी व्याधी आहे. त्यांना पिशव्या आणि फांद्या अडकतात. नोटीस देऊन आठ दिवसांत हलवल्या नाहीत तर कापाव्यात, असे माझे ठाम मत आहे.

कचऱ्याच्या बाबतीत पणजीची घडी बऱ्याच शहरांपेक्षा चांगली आहे. घरोघर संकलन होते, ओला-सुका वेगळा जातो, आणि सुक्याचे पुढे आणखी वर्गीकरण होते. तरीही रात्री कोपऱ्यावर काळ्या पिशव्या दिसतात, कारण सकाळी गाडी येते तेव्हा भाड्याच्या खोल्यांतले लोक कामावर गेलेले असतात आणि गाडेवाल्यांचा कचरा तयार होतो रात्री दहानंतर. अशा मोजक्या गल्ल्यांसाठी रात्री एक फेरी ठेवली तर कोपरे मोकळे होतील. दंडाच्या पाट्या लावून होणार नाहीत. २०१६ च्या घनकचरा नियमांनी दिवसाला १०० किलोंपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांवर स्वतंत्र जबाबदारी टाकली. मोठी हॉटेले आणि संकुले ओला कचरा आवारातच जिरवू लागली तर गाड्यांना ही जादा फेरी परवडते. आपल्याकडे मासळीमुळे दुर्गंधीची भीती असते. त्यासाठी मासळीचे अवशेष ढिगाच्या मधोमध घालायचे, भोवती दुप्पट सुका पाला किंवा काथ्याचा भुसा, आणि ओलावा इतकाच की मुठीत दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब पडेल. वास आला म्हणजे पाणी जास्त आणि हवा कमी झाली. भुसा घालून ढीग वरखाली करावा. शहाळ्यांची टरफले मात्र वेगळी न्यावीत आणि यंत्राने तुकडे करून तोच भुसा संकुलांना द्यावा. गटाराच्या तोंडाशी सर्वांत घट्ट बसते ते शहाळेच.

पदपथावरच्या विक्रेत्यांबाबत २०१४ चा कायदा स्पष्ट आहे: नगर विक्रेता समिती, तिच्यात किमान ४० टक्के विक्रेते, त्यांतल्या एक तृतीयांश महिला. समितीने जागा आखून दिल्या की झाकणावर गाडा उभा राहणार नाही आणि गाडेवाल्याच्या पोटावरही पाय येणार नाही.

हे सगळे पार पाडायला पणजी लहान आहे, ही आपली मोठी सोय. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीतली लोकसंख्या ४० हजारांच्या आसपास होती आणि प्रभाग ३०. म्हणजे एका नगरसेवकामागे साधारण १,३०० माणसे आणि एका सकाळी पायी पुरा होणारा परिसर. ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या तीन लाख वस्तीच्या शहरांनाच बंधनकारक केल्या, पण स्वतःहून प्रभाग बैठक घ्यायला पणजीला कोणी अडवलेले नाही. दुसरी अडचण खुर्चीची आहे. कामाचा आराखडा महापौरांच्या नावावर राहिला तर महापौर बदलताच तो बाजूला पडू शकतो. म्हणून तो मंडळाचा पाच वर्षांचा ठराव असावा. ठरावाला प्रत्येक प्रभागाचे एकेक पानी पत्रक जोडावे: गटारांची नावे, लांबी, प्रत्येकाचे मुख कुठे, देखभाल कोणत्या खात्याची, गाळ शेवटी कधी काढला, आधीची आणि नंतरची जाडी, जबाबदार अभियंत्याचा कार्यालयीन क्रमांक. हेच पत्रक महापालिकेच्या दारात आणि प्रभागातल्या एखाद्या दुकानाबाहेर लावावे, दर पंधरा दिवसांनी बदलावे. बहुतेक माहिती वेगवेगळ्या खात्यांच्या कपाटांत आधीच आहे. ती एकत्र मागवण्याचा ठराव पहिल्याच बैठकीत होऊ शकतो आणि त्याला वेगळा निधी लागत नाही.